व्हिडिओ खेळांचा व्यापार आणि त्याचे परीक्षक

पुस्तकांच्या परीक्षणांना वाहिलेल्या मासिकांत व्हिडिओ खेळांच्या धंद्याचा इतिहास कशासाठीं, असें कांहीं वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, ज्या मालाचा गुण विकत घेण्यापूर्वीं गिऱ्हाइकास कळत नाहीं, त्या मालाच्या बाजारांत परीक्षकाच्या शब्दाला किंमत येते; आणि शब्दाला किंमत आली म्हणजे तो विकत घेणाराहि फार दिवस दूर राहत नाहीं. आंबा हुंगून घेतां येतो, लुगड्याचा पोत बोटांनीं पाहतां येतो. पुस्तकाचें तसें नाहीं, आणि बंद खोक्यांतून मिळणाऱ्या खेळाचें तर मुळींच नाहीं. एकाच अंकांत प्रकाशकाची जाहिरात आणि त्याच्याच ग्रंथावरील अभिप्राय छापण्याचा प्रसंग आम्हां मासिककारांवर नित्य येतो. तेव्हां विषय परका दिसला तरी दुखणें आमच्या घरचेंच आहे.

या धंद्यांतील अनीतीची चर्चा निघाली म्हणजे सारा दोष परीक्षकांच्या माथीं मारण्याची रीत पडली आहे. परीक्षक मिंधे झाले म्हणून खेळ निकस निघूं लागले, असा हा युक्तिवाद. आम्हांस हा क्रम उलटा वाटतो. इतिहास पाहिला तर विकार आधीं कारखान्यांत जडला व मागाहून छापखान्यांत पसरला असें दिसतें. खेळ ही कोणा माणसाची कृति नसून खोक्यांत भरावयाचा जिन्नस आहे, अशी ज्या मालकांची समजूत झाली, त्यांनीं प्रथम कृति करणाऱ्याचें नांव पुसलें. आणि कृतीला कर्ताच जेथें उरला नाहीं, तेथें तिच्यावरील टीकेलाहि जाहिरातीहून निराळें स्थान राहण्याचें कारण नव्हतें.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनीं १९७२ सालीं अटारी ही कंपनी काढली. चार वर्षांनीं, १९७६ मध्यें, वॉर्नर कम्युनिकेशन्स या बड्या पेढीनें ती २ कोटि ८० लक्ष डॉलरांस विकत घेतली. आणि १९७७ सालीं घरांतील टेलिव्हिजनला जोडावयाचें तिचें प्रसिद्ध यंत्र बाजारांत आलें. या यंत्रांत खेळ कायमचा बसविलेला नसे. निरनिराळ्या खेळांचीं कार्ट्रिजें घ्यावीं आणि एक काढून दुसरें लावावें, अशी सोय होती. धंद्याच्या पुढील भाग्याचें आणि दुर्भाग्याचेंहि मूळ या सोयींतच आहे. यंत्र एका घरांत एकदांच खपे, कार्ट्रिजें मात्र वर्षानुवर्षें खपवितां येत. १९७८ मध्यें कंपनींत आलेले रे कसार यांच्या हातीं लवकरच सर्व सूत्रें गेलीं. कसार यांची पूर्वींची सारी उमेद कापडाच्या धंद्यांत गेली होती. हिशेबाला ते चोख होते, आणि त्यांच्या कारकीर्दींत कंपनीची विक्री अनेक पटींनीं वाढली, हें त्यांच्या निंदकांनाहि कबूल करावें लागतें.

त्या काळीं खेळ तयार करणें म्हणजे काय होतें, तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. यंत्राची काम करण्यापुरती स्मृति अवघी १२८ बाइट. कार्ट्रिजची बहुधा चार किलोबाइट, म्हणजे इंग्रजी लिपींतील सुमारें चार हजार अक्षरांची जागा. एवढ्याशा जागेंत चित्रें, नाद, नियम, जय आणि पराजय, सर्व बसवावयाचें. सबंध चित्र ध्यानांत ठेवण्याची यंत्राला शक्ति नसल्यामुळें, टेलिव्हिजनचा किरण पडद्यावर एकेक ओळ आंखीत असतां त्या त्या ओळींत काय दिसावें, हें प्रोग्रामला तेवढ्याच क्षणांत सांगावें लागे. ही सारी करामत बहुधा एकटा माणूस करी. कल्पना त्याची, चित्रें त्याचीं, आवाजहि त्याचेच. कादंबरीकाराचा आपल्या कादंबरीवर जेवढा हक्क, त्याहून या माणसाचा आपल्या खेळावरील हक्क तिळभरहि उणा नव्हता. तरी खोक्यावर, पुस्तिकेंत, जाहिरातींत, कोठेंहि त्याचें नांव येत नसे.

डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर व बॉब व्हाइटहेड हे या कारागिरांपैकीं चौघे. कोणता खेळ किती खपला याचा तक्ता कंपनीनें एकदां आपल्या माणसांत फिरविला. चांगल्या खपणाऱ्या खेळांसारखे खेळ करावे, एवढाच त्यांतील हेतु असावा. पण चौघांनीं बेरीज मांडली, ती निराळ्याच ठिकाणीं जाऊन पोंचली. क्रेन यांनीं पुढें सांगितल्याप्रमाणें, दहा कोटि डॉलरांच्या विक्रींतील सहा कोटि एकट्या या चौघांच्या खेळांचीं होतीं. आणि त्यांचा वार्षिक पगार वीस-तीस हजार डॉलरांच्या घरांत होता. चौघे कसार यांच्याकडे गेले. ग्रंथकारास जसा खपाचा अंश मिळतो तसा आम्हांस मिळावा आणि खोक्यावर नांव यावें, एवढेंच त्यांचें मागणें होतें. कार्ट्रिजें जुळविणाऱ्या कामगाराहून तुमची योग्यता अधिक नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यांस मिळालें, असें क्रेन सांगतात. कामगारास हिणविण्याचा आमचा हेतु नाहीं. पण ज्याला पटकथा लिहिणारा आणि फिल्मचे डबे बांधणारा यांतील भेद दिसत नाहीं, त्यानें कोणता चित्रपट काढावा आणि कोणता काढूं नये, हें तरी कशावरून ठरवावयाचें? चौघे १९७९ सालीं बाहेर पडले, जिम लेव्ही यांच्यासह त्यांनीं ॲक्टिव्हिजन ही संस्था काढली, आणि प्रत्येक खेळावर कर्त्याचें नांव व पुस्तिकेंत त्याचें छायाचित्र छापण्यास आरंभ केला.

अटारींतच राहिलेल्या वॉरन रॉबिनेट यांनीं दुसरा मार्ग धरिला. ‘ॲडव्हेंचर’ या आपल्या खेळांत त्यांनीं एक गुप्त खोली केली. करड्या रंगाचा एक ठिपका, जो पार्श्वभूमींत दिसतहि नसे, तो उचलून ठराविक जागीं नेला तरच ती उघडे, आणि आंत भिंतीवर कर्त्याचें नांव झळके. वरिष्ठांस याची गंधवार्ता नव्हती. रॉबिनेट नोकरी सोडून गेल्यावर एका मुलानें ती खोली शोधली व कंपनीस पत्र लिहिलें, तेव्हां हें प्रकरण उघडकीस आलें. आमच्या संतकवींनीं अभंगाच्या शेवटच्या चरणांत आपली नाममुद्रा निःसंकोच ठेवली आणि ऐकणारांनीं ती तितक्याच निःसंकोचपणें गाइली. या कारागिरास ती भिंतींत चिणून ठेवावी लागली. आज खेळांतील अशीं गुपितें ही एक मौज समजली जाते. तिचा उगम एका नाकारलेल्या सहींत आहे, हें खेळणाऱ्यांच्या ध्यानीं क्वचितच असतें.

अटारीनें ॲक्टिव्हिजनवर फिर्याद केली. १९८२ मध्यें तडजोड झाली, आणि एकाच्या यंत्रासाठीं दुसऱ्यानें खेळ करावे हा परिपाठ कायम झाला. त्याबरोबर धंद्यांत हौसे-गवसे शिरले. ओटचें पीठ विकणाऱ्या क्वेकर कंपनीनें खेळांची शाखा काढली. कुत्र्यांच्या खाद्याच्या एका व्यापाऱ्यानें आपल्या मालाच्या जाहिरातीसाठीं खेळ करवून घेतला. दुकानाच्या फळीवर हीं सर्व खोकीं शेजारीं शेजारीं उभीं. वर रंगीत चित्र सारख्याच डौलाचें, आंत काय आहे तें घरीं जाऊन यंत्राला लावल्यावर कळावयाचें.

या गर्दींत अटारीनेंच आपल्या पतीवर पहिला मोठा घाव घातला. ‘पॅक-मॅन’ हा जपानी खेळ नाक्यानाक्यावरच्या पेट्यांत गाजत होता. त्याची घरगुती आवृत्ति १९८२ च्या मार्चमध्यें निघाली. या यंत्रास एका वेळीं मोजकींच हलतीं चित्रें काढतां येत, आणि या खेळांत तर नायकाखेरीज चार भुतें. तेव्हां भुतें आळीपाळीनें दाखवावीं लागलीं आणि सारा खेळ डोळ्यांपुढें लुकलुकूं लागला. मोठ्या कार्ट्रिजचा खर्च केला असता तर पुष्कळ सुधारणा होण्याजोगी होती. नांवाच्या जोरावर लक्षावधि प्रती खपल्या खऱ्या. परंतु जो माल खपतो त्याच्याबरोबर गिऱ्हाइकाचा विश्वासहि खपून जाऊं शकतो, ही गोष्ट त्या वर्षींच्या ताळेबंदांत कोठेंच लिहिलेली नव्हती.

पुढील प्रकरण सर्वश्रुत आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ हा चित्रपट १९८२ च्या उन्हाळ्यांत लोकांनीं डोक्यावर घेतला. वॉर्नरच्या मुख्यांनीं त्यावरून खेळ काढण्याचा हक्क मिळविला. त्यासाठीं दोन कोटि डॉलरांहून अधिक रक्कम मोजल्याचें सांगतात. करार जुलैच्या अखेरीस पुरा झाला आणि माल नाताळच्या बाजारांत हवा होता. कारखान्याचा वेळ वजा जातां खेळ तयार करण्यास उरले सुमारें पांच आठवडे. एरवीं अशा कामास पांचसहा महिने लागत. हें काम हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांनीं पत्करलें. ‘यार्स रिव्हेंज’सारखा उत्तम खेळ त्यांच्या नांवावर होता, तेव्हां माणूस नवशिका नव्हे. त्यांनीं पांच आठवड्यांत खेळ पुरा करून दिला, आणि तो खेळतांना नायक पुनःपुन्हां खड्ड्यांत पडे. पुढें कित्येक वर्षें जगांतील सर्वांत वाईट खेळ म्हणून त्याची टवाळी झाली. आमच्या मतें ही टवाळी चुकीच्या पत्त्यावर गेली. पांच आठवड्यांत जें होण्यासारखें होतें त्याहून तें काम बरेंच झालें होतें. वाईट होता तो करार, आणि त्यावर वॉर्शॉ यांची सही नव्हती. सुमारें ४० लक्ष प्रती काढल्या गेल्या, आणि त्यांतील पुष्कळशा दुकानांतून परत आल्या.

१९८२ च्या डिसेंबरची ७ तारीख. त्या दिवशीं वॉर्नरनें जाहीर केलें कीं नफ्याचा अंदाज पूर्वीं सांगितल्यापेक्षां पुष्कळच उतरला आहे. दुसऱ्या दिवशीं शेअरचा भाव ५२ डॉलरांच्या आसपास होता तो ३५ च्या घरांत आला. ही घोषणा होण्यापूर्वीं २३ मिनिटें कसार यांनीं आपले ५,००० शेअर विकले होते. त्यांच्याजवळील एकंदर शेअरांच्या मानानें हा भाग लहान होता, हेंहि सांगणें न्याय्य आहे. सरकारी चौकशी झाली. गुन्हा कबूल न करतां त्यांनीं तो नफा परत केला. १९८३ च्या जुलैंत ते कंपनींतून गेले, आणि सप्टेंबरांत न्यू मेक्सिको प्रांतांतील ॲलामोगोर्डो गांवच्या उकिरड्यांत अटारीनें मालमोटारी भरभरून कार्ट्रिजें आणून पुरलीं. ही गोष्ट दंतकथा आहे असें पुष्कळांस वाटे. २०१४ च्या एप्रिलमध्यें जागा खणली तेव्हां सुमारें १,३०० कार्ट्रिजें वर आलीं. त्यांत ‘ई. टी.’ होताच, पण एकेकाळीं धडाक्यानें खपलेले खेळहि होते.

या सर्व काळांत परीक्षक कोठें होते? अमेरिकेंत या विषयाला वाहिलेलें पहिलें मासिक ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हें १९८१ सालीं आर्नी कॅट्झ, बिल कुंकेल व जॉइस वर्ली यांनीं सुरू केलें. त्याच वर्षीं इंग्लंडांत ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ निघालें. हीं माणसें हौशी होतीं. खेळांवर गंभीरपणें लिहितां येतें हेंच मुळीं त्यांनीं प्रथम दाखविलें, आणि तें श्रेय लहान नव्हे. पण मासिकाचें पोट कोणावर होतें? वर्गणी व जाहिराती यांवर. आणि जाहिराती ज्यांचे खेळ परीक्षणास येत त्यांच्याच. व्यापार बुडाला तेव्हां हें अवलंबन स्पष्ट दिसून आलें. ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’नें १९८५ सालीं नांव बदलून पाहिलें, आणि त्याच वर्षीं तें बंद पडलें. ज्या झाडाची कीड दाखवावयाची त्याच झाडाच्या फांदीवर परीक्षकाचें घरटें होतें.

व्यापार पुन्हां उभा केला तो जपानच्या निंटेंडो कंपनीनें. १९८५ पासून तिचें यंत्र अमेरिकेंत विकलें जाऊं लागलें. तिनें यंत्रांत एक कुलूप बसविलें: ज्या कार्ट्रिजांत जोडीची चिप असेल तींच चालावयाचीं. बाहेरच्या संस्थेनें वर्षाला साधारण पांचच खेळ काढावे, कार्ट्रिजें निंटेंडोकडूनच घ्यावीं, आणि खोक्यावर निंटेंडोची गुणवत्तेची मोहोर असावी, असे निर्बंध तिनें घातले. या उपायानें गिऱ्हाइकाचा धीर परत आला यांत शंका नाहीं. परंतु त्या मोहोरेचा अर्थ काय? माल अधिकृत आहे आणि यंत्रावर चालतो, एवढाच फार तर तिचा अर्थ होता. रटाळ खेळांवरहि ती तितकीच ठळक दिसे. १९८८ सालीं याच कंपनीनें ‘निंटेंडो पॉवर’ हें स्वतःचें मासिक काढलें. त्यांत नकाशे होते, युक्त्या होत्या, गुणहि दिलेले असत, आणि मुलें त्याची चातकासारखी वाट पाहत. माल करणारा, मोहोर लावणारा आणि अभिप्राय छापणारा, तिघेहि एकच! सरकारी पाठ्यपुस्तक, त्याची परीक्षा आणि त्यावरील मार्गदर्शक एकाच हातून निघावें, तसा हा प्रकार होता.

पुढें गुण देण्याच्या प्रथेचें एक शास्त्रच झालें. शंभरांपैकीं पन्नास म्हणजे मध्यम, हें साधें गणित इंग्लंडांतील ‘अमिगा पॉवर’ या मासिकानें (१९९१–१९९६) हट्टानें पाळलें आणि त्यापायीं प्रकाशकांचा रोषहि पत्करला. इतरत्र सत्तर गुण हीच नापासाची रेघ होऊन बसली. मग २००१ सालीं ‘मेटाक्रिटिक’ नांवाचें संकेतस्थळ निघालें आणि सर्व परीक्षकांच्या गुणांची एकत्र सरासरी प्रत्येक खेळापुढें लागूं लागली. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ हा खेळ ऑब्सिडियन या संस्थेनें २०१० सालीं केला, सरासरी ८५ झाली तर बक्षीस द्यावयाचें, असें प्रकाशकाशीं ठरलें होतें. सरासरी ८४ आली. संस्थेच्या एका प्रमुख लेखकानेंच २०१२ मध्यें ही हकीकत उघड केली. येथें वाचकांनीं थोडें थांबावें. ज्या परीक्षकानें प्रामाणिकपणें एक-दोन गुण कमी दिले असतील, त्याला आपण कोणाच्या ताटांतील घांस काढीत आहों याची कल्पनाहि नव्हती. कारागिराचें नांव आतां छापलें जात होतें, पण त्याच्या श्रमाचें मोल परीक्षकाच्या लेखणीला बांधून मालकानें दोघांसहि अडकविलें होतें.

लेखणीवर उघड दाब आल्याचें प्रकरण २००७ सालचें आहे. ‘गेमस्पॉट’ या प्रसिद्ध संकेतस्थळाचे परीक्षक जेफ गर्स्टमन यांनीं ‘केन अँड लिंच’ या खेळास दहांपैकीं सहा गुण दिले. त्या वेळीं सारें संकेतस्थळ त्याच खेळाच्या जाहिरातींनीं मढविलेलें होतें. नोव्हेंबर संपण्यापूर्वीं गर्स्टमन यांची नोकरी गेली. करारानें तोंड बांधल्यामुळें ते गप्प राहिले. २०१२ मध्यें तें बंधन सुटल्यावर त्यांनीं सांगितलें कीं, कमी गुणांमुळें जाहिराती काढून घेण्याच्या धमक्या येत होत्या आणि नव्या व्यवस्थापकांना त्यापुढें टिकाव धरतां आला नाहीं. सहा गुण हे कांहीं शाप नव्हेत. खेळ बेताचा आहे एवढेंच त्यांचें म्हणणें. तेवढेंहि म्हणूं देण्याची जेथें तयारी नाहीं, तेथें नऊ गुणांना तरी काय अर्थ राहिला?

२०१४ मध्यें याच नीतीच्या नांवाखालीं जें घडलें त्याचा उल्लेख टाळतां येत नाहीं. खेळ करणाऱ्या एका स्त्रीनें स्नेहसंबंधाच्या बळावर अनुकूल परीक्षण मिळविलें असा बोभाटा झाला. असें परीक्षण मुळीं लिहिलेंच गेलें नव्हतें. तरी त्या स्त्रीस आणि तिच्यासारख्या इतर कित्येक लेखिकांना धमक्यांमुळें घर सोडण्याची पाळी आली. बडे प्रकाशक या साऱ्या वणव्यांत सुखरूप राहिले. नीतीची हांक देणाऱ्यांनीं जाहिरातदाराच्या दारावर मोर्चा नेला नाहीं, एका एकट्या कारागीर स्त्रीच्या दारावर नेला. यावरून त्या नीतीची जात ओळखावी.

अलीकडचें उदाहरण पोलंडचें. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजीं निघाला. रात्रंदिवस राबवून घेणार नाहीं असें आश्वासन देऊन बसलेल्या मालकांनीं शेवटीं कामगारांना आठवड्याचे सहा दिवस बसविलें. परीक्षकांना आगाऊ मिळाली ती संगणकावरील प्रत, जी बरी चालत होती. जुन्या कन्सोलांवरील प्रत कोणालाहि दाखविली नाहीं, आणि परीक्षकांनीं स्वतः टिपलेलीं चलच्चित्रें दाखवूं नयेत अशीहि अट घातली. परीक्षणें गोड आलीं. मग लक्षावधि लोकांनीं आपापल्या जुन्या यंत्रांवर खेळ लावला, तों तो अडखळूं व कोलमडूं लागला. आठवड्याभरांत सोनी कंपनीनें आपल्या दुकानांतून तो काढून घेतला व पैसे परत करण्याचें जाहीर केलें. येथें कोणीं लांच दिली नव्हती कीं कोणाची नोकरी घेतली नव्हती. परीक्षकास केवळ अर्धाच माल दाखविला होता, आणि बहुतेकांनीं उरलेला अर्धा पाहण्याचा आग्रह धरिला नाहीं.

आणि याच वर्षीं हें लोण आपल्या दारापर्यंत आलें. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ सालच्या नांवाजलेल्या खेळाची नवी आवृत्ति यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें आपल्या पुणें व मुंबई येथील शाखांकडे सोंपविली होती. १९२० च्या सुमारास पुण्यांतल्या एखाद्या लेखकाचें पुस्तक लंडनला छापून निघावें, तसा हा मानाचा प्रसंग होता. सप्टेंबर २०२० मध्यें तिची जाहिरात झाली आणि पुढील जानेवारींत खेळ मिळेल असें सांगितलें गेलें. जाहिरातीचें चित्र पाहूनच लोकांनीं गदारोळ केला कीं हा खेळ जुनाट दिसतो. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली, आणि मे २०२२ मध्यें सारें काम कॅनडांतील माँट्रियलच्या शाखेकडे नेण्यांत आलें. आमच्या इकडील कारागिरांनीं केलेला तो खेळ चांगला होता कीं वाईट, हें सांगण्याची पाळी एकाहि परीक्षकावर आली नाहीं. दोन-अडीच मिनिटांच्या जाहिरातीवर त्याचा निकाल लागला.